‘हे तर कोणालाही सुचले असते!’

मुंबई-नाशिक महामार्ग आणि ठाण्याहून येणारा जुना रस्ता यांच्या दुतर्फा, माणकोली, काल्हेर, पूर्णा, वळ या पट्ट्यात भिवंडीची गोदामे पसरली आहेत. कपडे, मोबाइल, किराणा यांच्याबरोबर औषधांची खोकीही या पट्ट्यातून पुढे जातात. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या साध्या रॅकवर राहू शकतात. काही औषधांना मात्र दोन ते आठ अंश सेल्सिअसची थंडी लागते. लशी, इन्सुलिन आणि कर्करोग किंवा संधिवातावरची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीची इंजेक्शने, ही त्यातली. गोळ्यांच्या पाकिटाचा हिशेब शेकड्यांत होतो. प्रतिपिंडाच्या एका कुपीचा हिशेब हजारांत आणि काही वेळा लाखांत होतो.

हा फरक फक्त शीतखोलीच्या विजेचा नाही. प्रतिपिंड जिवंत पेशींकडून बनवून घ्यावे लागते आणि ते काम खर्चिक आहे, हे खरे. पण किमतीचा दुसरा मोठा भाग पेटंटमधून येतो. पेटंट असेपर्यंत तेच औषध दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. आणि पेटंट टिकते की पडते, हे पुष्कळदा एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर ठरते: त्या विषयातल्या जाणकाराला ही गोष्ट त्या वेळी सहज सुचली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर पेटंट मिळत नाही, मिळाले असेल तर रद्द होऊ शकते. कायद्याच्या पुस्तकात हा मुद्दा कोरडा दिसतो, पण अनेक रुग्णांच्या बाबतीत स्वस्त औषध कोणत्या साली हाती येणार, हे त्यावरच अवलंबून असते.

एका कुपीची दोन दारे

निव्होलुमॅब हे अलीकडचे ठळक उदाहरण. आपल्या शरीरातील टी-पेशींवर ‘पीडी-१’ नावाचे एक प्रथिन असते. ते प्रतिकारशक्तीला लगाम घालते. कर्करोगाच्या अनेक गाठी या लगामाचा फायदा घेऊन लपून राहतात. निव्होलुमॅब हे प्रतिपिंड पीडी-१ला चिकटते, लगाम सुटतो आणि टी-पेशी गाठीवर हल्ला करू शकतात. पीडी-१चा शोध लावणारे जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या औषधाची किंमत किती जाचते, हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील एका चाचणीतून कळते. तेथील डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर अभ्यास केला. या गटात तंबाखू-गुटख्याने होणारा तोंडाचा कर्करोगही येतो. निम्म्या रुग्णांना नेहमीची तोंडाने घ्यायची औषधे दिली गेली, तर उरलेल्यांना त्याच औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. प्रचलित मात्रा २४० मिलिग्रॅमची आहे, म्हणजे ही मात्रा तिच्या एक दशांशाहूनही कमी. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.४ टक्के होते. इतकी कमी मात्रा तपासून पाहण्यामागे विज्ञानाइतकेच खिशाचेही कारण होते, कारण पूर्ण मात्रा परवडणारे रुग्ण भारतात फारच थोडे आहेत. भिवंडीच्या यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्या कुटुंबाला तर तो विचारही करता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आहे, आणि महागड्या प्रतिपिंडाच्या काही फेऱ्यांत एवढी रक्कम सहज संपते.

भारतात निव्होलुमॅबचे पेटंट ब्रिस्टल-मायर्स स्क्विब समूहाकडे होते. त्याची वीस वर्षांची मुदत २ मे २०२६पर्यंतची. अहमदाबादच्या झायडस कंपनीने त्याची समरूप आवृत्ती, म्हणजे बायोसिमिलर, तयार केली आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी झायडसला अंतरिम मनाई केली. जानेवारी २०२६ मध्ये खंडपीठाने विक्रीचा मार्ग मोकळा केला. पेटंटचे उरलेले थोडेसे महिने आणि जीवनरक्षक औषधातले सार्वजनिक हित यांना खंडपीठाने वजन दिले.

रुग्णांच्या दृष्टीने हा दिलासाच. पण अंतरिम आदेशात पेटंटच्या वैधतेवर अंतिम उत्तर मिळत नसते. निव्होलुमॅबच्या बाबतीत निर्णायक ठरले ते कॅलेंडर. दहा वर्षांची मुदत बाकी असलेल्या पुढच्या प्रतिपिंडाच्या वेळी ती सवड मिळणार नाही. तेव्हा ‘सहज सुचण्याजोगे होते का’ या मूळ प्रश्नालाच भिडावे लागेल.

कायद्यातला ‘जॉबर’

भारतीय पेटंट कायद्यानुसार शोध नवा असावा लागतो, उद्योगात वापरता येण्याजोगा असावा लागतो आणि त्यात कल्पकतेचे पाऊल असावे लागते. हे तिसरे कलम असे सांगते की, उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत शोधात तांत्रिक प्रगती हवी किंवा त्याला आर्थिक महत्त्व हवे, आणि शिवाय तो त्या क्षेत्रातील कुशल व्यक्तीला उघड नसावा. पहिल्या भागात ‘किंवा’ आहे, पण शेवटची अट टळत नाही. एखाद्या औषधाची विक्री प्रचंड झाली, एवढ्यावर ते या परीक्षेत उत्तीर्ण होत नाही.

ही ‘कुशल व्यक्ती’ कोण, हे समजण्यासाठी भिवंडीच्या यंत्रमागाच्या कारखान्यातला जॉबर डोळ्यांसमोर आणता येईल. माग बिघडला की तो दुरुस्त करतो, सूत बदलले की जुळणी बदलतो, कोणत्या मागाला कोणता सुटा भाग चालतो हे त्याला पाठ असते. जुन्या मागाला बाजारात मिळणारी जरा जास्त ताकदीची मोटर बसवून कोणी ‘हा माझा शोध’ म्हणाला, तर जॉबर हसेल. ते त्याचे रोजचे काम आहे. पण धोटाच काढून टाकून आडवा धागा दुसऱ्याच युक्तीने ओढून नेणारा माग ज्याने पहिल्यांदा बनवला, त्याने जॉबरच्या रोजच्या कामापलीकडचे काहीतरी केले. आज मात्र धोट्याविना चालणारे माग विकत मिळतात. तीच युक्ती आज कोणी नवी म्हणून मांडली, तर तिला कोणी शोध म्हणणार नाही. म्हणून प्रश्नात दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: कोणाला सुचले असते आणि कोणत्या तारखेला सुचले असते.

ही कसोटी भारतात कारागिरीच्याच खटल्यातून घट्ट झाली. मिर्झापूरला पितळी भांडी बनवणाऱ्या एका कंपनीने लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या उपकरणाचे पेटंट घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ते टिकू दिले नाही. जुन्या पद्धतीत केलेली साधी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, आणि हे ठरवताना नुसते हातकाम करणाऱ्याच्या नव्हे तर जाणत्या कारागिराच्या नजरेतून पाहावे, असा त्या निकालाचा रोख होता. भांड्यांच्या लेथवर घडलेली ही मोजपट्टी आज रेणूंना लावली जाते.

शोध कधी रोजचे काम होतो?

प्रतिपिंडांच्या बाबतीत तारखेचा मुद्दा फार बोलका आहे. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाईन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके बनवणाऱ्या पेशी तयार केल्या. त्या तंत्राचे पेटंट घेतले गेले नाही. पण ती प्रतिपिंडे उंदराची होती आणि माणसाचे शरीर त्यांना परके मानून नाकारत असे. १९८६ साली ग्रेग विंटर यांच्या गटाने उंदराच्या प्रतिपिंडाचा फक्त लक्ष्याला चिकटणारा तुकडा मानवी प्रतिपिंडात बसवून दाखवला. तेव्हा ती मोठी झेप होती. पुढे स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रास्टुझुमॅब (१९९८) याच वाटेने आले, तर संधिवातावरचे अडालिमुमॅब (२००२) पूर्ण मानवी स्वरूपात तयार झाले. विंटर यांनाही २०१८ सालीच नोबेल मिळाले.

या वीसेक वर्षांत झेपेचे रूपांतर नेहमीच्या कामात झाले. लक्ष्य असलेले प्रथिन हाती आले, की मानवी जनुके घातलेल्या उंदरांकडून किंवा प्रतिपिंडांच्या तयार संग्रहातून त्याला चिकटणारी प्रतिपिंडे शोधणे, त्यांतली चांगली निवडणे, त्यांना मानवी रूप देणे या पायऱ्या पाठ्यपुस्तकात गेल्या. त्यामुळे लक्ष्य आधीच माहीत असेल आणि त्याला रोखल्याने फायदा होतो हेही छापून आलेले असेल, तर त्या लक्ष्यावरचे आणखी एक प्रतिपिंड हा शोध मानायचा का, हा प्रश्न उभा राहतो.

युरोपीय पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. ज्ञात लक्ष्याला चिकटणाऱ्या नव्या प्रतिपिंडाची अमिनो आम्लांची रचना वेगळी आहे, एवढे पुरेसे नाही. त्यातून अनपेक्षित परिणाम दिसला पाहिजे किंवा ते मिळवताना खरीखुरी तांत्रिक अडचण ओलांडलेली असली पाहिजे.

अमेरिकेत एकाच दिवशी लागलेल्या दोन निकालांतून हा फरक आणखी उलगडतो. अर्धशिशीत ‘सीजीआरपी’ नावाचा एक लहान रेणू महत्त्वाचे काम करतो. त्याला रोखणाऱ्या प्रतिपिंडांवर टेवा कंपनीची पेटंट होती आणि एली लिलीने त्यांना आव्हान दिले. १६ ऑगस्ट २०२१ रोजी अपील न्यायालयाने प्रतिपिंडावरची पेटंट सहज सुचण्याजोगी म्हणून बाद ठरवली. सीजीआरपीला चिकटणारी उंदराची प्रतिपिंडे आधीच ज्ञात होती आणि त्यांना मानवी रूप देणे हे जाणकाराचे नेहमीचे काम होते. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने त्याच प्रतिपिंडांनी अर्धशिशीवर उपचार करण्याच्या पद्धतीची पेटंट मात्र कायम ठेवली. प्रतिपिंड बनवता येईल हे उघड होते, पण रुग्णाला त्याचा गुण येईल अशी रास्त अपेक्षा त्या तारखेला कोणी ठेवू शकले नसते, हे त्यामागचे कारण.

भारतात असा अर्धा-अर्धा निकाल लागू शकत नाही. आपल्या कायद्याच्या कलम ३ नुसार माणसावरील उपचारपद्धतीचे पेटंट मिळतच नाही. त्यामुळे इथे सगळा भार प्रत्यक्ष प्रतिपिंडावर, त्याच्या मिश्रणावर किंवा ते बनवण्याच्या प्रक्रियेवर येतो. म्हणूनच ‘हे सहज सुचण्याजोगे होते का’ या प्रश्नाचे उत्तर भारतीय पेटंट कार्यालयाने आणि न्यायालयांनी जास्त काळजीपूर्वक द्यायला हवे.

मुंबईतून गेलेले अपील

आपल्याकडे या प्रश्नावर एक महत्त्वाची लढाई लढली गेली ती मुंबईच्या संकल्प पुनर्वसन न्यासाकडून. ही संस्था इंजेक्शनने अमली पदार्थ घेणाऱ्या व्यसनी लोकांमध्ये काम करते. एकच सुई अनेकांनी वापरल्याने त्यांच्यात हेपटायटिस-सीचा संसर्ग मोठा होता. त्यावर तेव्हाचे प्रमुख औषध होते रोश कंपनीचे पेगिलेटेड इंटरफेरॉन. सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत ४ लाख ३६ हजार रुपये सांगितली जात होती.

इंटरफेरॉन प्रतिपिंड नाही, पण प्रतिपिंडासारखेच उपचारासाठी वापरले जाणारे प्रथिन आहे आणि वाद तोच होता. इंटरफेरॉन १९५७ पासून ज्ञात होते. ते शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून आठवड्यातून तीनदा टोचावे लागे. प्रथिनाला ‘पेग’ नावाच्या पॉलिमरची साखळी जोडली की ते रक्तात जास्त काळ टिकते, हेही ज्ञात होते. रोशने फांद्या असलेली पेगची साखळी इंटरफेरॉनला जोडली आणि आठवड्यातून एक इंजेक्शन पुरेसे झाले. २००६ साली त्याला भारतात पेटंट मिळाले. औषधांना उत्पादन-पेटंट देण्याची नवी व्यवस्था सुरू झाल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी हे एक.

संकल्पने २००७ साली त्याला विरोध नोंदवला. २००९ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. संस्था अपिलात गेली. कंपनीचा एक आक्षेप असा होता की, ही संस्था औषध बनवत नाही, विकत नाही, मग तिचा संबंध काय? २ नोव्हेंबर २०१२ रोजी बौद्धिक संपदा अपील मंडळाने पेटंट रद्द केले आणि या आक्षेपाचेही उत्तर दिले. ज्या रुग्णांसाठी संस्था झटते त्यांचे हित या पेटंटाशी जोडलेले आहे, म्हणून ती ‘हितसंबंधित व्यक्ती’ ठरते, असे मंडळाने मान्य केले. मूळ मुद्द्यावर निष्कर्ष असा होता की, ज्ञात प्रथिन आणि ज्ञात प्रकारची साखळी एकत्र आणणे जाणकाराला सुचण्याजोगे होते.

ग्लिवेकच्या कर्करोगावरील गोळीचा २०१३चा सर्वोच्च न्यायालयातला निकाल पुष्कळांना माहीत आहे. संकल्पचा निकाल त्यामानाने विसरला गेला. पण जैविक औषधांच्या पुढच्या वादांसाठी त्यातून दोन गोष्टी हाती लागतात. पेटंटला प्रश्न विचारण्याचा अधिकार स्पर्धक कंपन्यांपुरता मर्यादित नाही. आणि औषध उपयोगी आहे, सोयीचे आहे, एवढ्याने ते शोध ठरत नाही.

त्या लढाईची दुसरी बाजू मात्र बोचणारी आहे. पेटंट मिळाल्यापासून ते रद्द होईपर्यंत सहा वर्षे गेली. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली, २०१५ मध्ये तिच्या स्वस्त आवृत्त्या भारतात आल्या आणि हेपटायटिस-सीच्या उपचारातून इंटरफेरॉन मागे पडत गेले. निकाल रुग्णांच्या बाजूने लागला, तेव्हा त्या औषधाचा काळ सरत आला होता.

दार अरुंद होते आहे का?

आज हीच लढाई लढायची तर वाट कशी आहे? पेटंट मिळण्याआधी अर्जाला ‘कोणीही’ विरोध करू शकतो. पेटंट मिळाल्याची प्रसिद्धी झाल्यापासून एका वर्षात ‘हितसंबंधित’ व्यक्ती विरोध करू शकते. त्यावरचा निर्णय मान्य नसेल तर तीन महिन्यांत अपील करता येते. पण पेटंटपूर्व विरोध फेटाळला गेला तर विरोध करणाऱ्याला तसे अपील उपलब्ध नाही. अर्ज नाकारला गेलेल्या कंपनीला मात्र ते आहे. म्हणजे पहिल्या टप्प्यावर हरलेल्या रुग्णसंस्थेला पुन्हा शून्यापासून दुसऱ्या टप्प्याचा विरोध उभा करावा लागतो.

मार्च २०२४ मध्ये पेटंट नियमांत दुरुस्ती झाली. पेटंटपूर्व विरोधासाठी आता शुल्क भरावे लागते आणि विरोध दखलपात्र आहे का, हे नियंत्रक आधी ठरवतात. बनावट नावाने, केवळ अर्ज रखडवण्यासाठी विरोध दाखल करण्याचे प्रकार होत होते, त्यांना आळा घालणे हा सरकारचा युक्तिवाद आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. पण त्याच चाळणीत खरी रुग्णसंस्था अडकली तर नुकसान कोणाचे, याचेही उत्तर हवे.

अपिलाची जागाही बदलली. रिकाम्या पदांमुळे अनेकदा ठप्प राहणारे अपील मंडळ एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झाले आणि त्याचे काम उच्च न्यायालयांकडे आले. मुंबईच्या अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयाच्या निर्णयांवरची अपिले आता मुंबई उच्च न्यायालयात जातात. न्यायालयाचा अधिकार आणि वजन मोठे, हे खरे. मात्र मंडळात तांत्रिक सदस्य बसत असे. प्रतिपिंडाच्या रचनेवरचा वाद ऐकताना न्यायालयाला ती जाण तज्ज्ञांच्या प्रतिज्ञापत्रांतून घ्यावी लागते, आणि तज्ज्ञ उभा करण्याची ऐपत बहुधा एकाच बाजूकडे असते.

तरी उच्च न्यायालये या कसोटीचा वापर ठामपणे करू शकतात, हे रिस्डिप्लाम प्रकरणात दिसले. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या दुर्मीळ आजारावरचे हे औषध म्हणजे साधा रेणू आहे, प्रतिपिंड नव्हे. रोशने हैदराबादच्या नॅट्कोविरुद्ध मनाई मागितली. कंपनीच्याच जुन्या पेटंटातील रेणूत छोटा बदल करून जाणकाराला हा रेणू सुचला असता, हा आक्षेप प्रथमदर्शनी भक्कम असल्याचे मानून दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली. ऑक्टोबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

कंपन्यांची बाजू आणि दुधारी युक्तिवाद

प्रतिपिंडांबाबत कंपन्यांचे म्हणणे असे की, वाट माहीत असली म्हणून मुक्काम गाठता येतो असे नाही. एक अमिनो आम्ल बदलले तरी प्रतिपिंड लक्ष्याला चिकटेनासे होऊ शकते. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली कित्येक प्रतिपिंडे रुग्णांवरील चाचणीत अपयशी ठरतात. यश मिळाल्यावर मागे वळून ‘हे तर कोणालाही सुचले असते’ म्हणणे सोपे असते. या म्हणण्यात तथ्य आहे. निकालानंतरच्या शहाणपणापासून सावध राहण्याची ताकीद न्यायालयेही स्वतःला देत असतात. शिवाय मक्तेदारीची आशाच नसेल तर चाचण्यांवर मोठा खर्च कोण करील, हा प्रश्नही खोटा नाही.

पण चाचण्यांचा खर्च आणि शोधातली कल्पकता या वेगळ्या गोष्टी आहेत. पेटंट दुसऱ्या गोष्टीसाठी मिळते. आणि ‘हे काम फार अवघड आहे’ हा युक्तिवाद दुधारी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मे २०२३ मध्ये ते दिसले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या प्रतिपिंडांबाबत अ‍ॅमजेन कंपनीने २६ प्रतिपिंडांची रचना दिली होती, पण हक्क मागितला होता तेच काम करणाऱ्या सगळ्या प्रतिपिंडांवर. न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. बाकीची प्रतिपिंडे इतरांनी नव्याने धडपडून शोधायची असतील, तर कंपनीने ती जगाला शिकवली असे म्हणता येत नाही. म्हणजे ‘सोपे आहे’ म्हणावे तर ते सहज सुचण्याजोगे ठरते आणि ‘अवघड आहे’ म्हणावे तर व्यापक हक्क हातातून जातो. दोन्ही वेळा सोयीचे बोलण्याची मुभा मिळू नये, यासाठी पेटंट कार्यालयाने कंपनीचे विधान एका टप्प्यावर नोंदवून पुढच्या टप्प्यावर तपासले पाहिजे.

पेटंट पडल्यानंतरही

पेटंट पडले म्हणजे दुसऱ्या दिवशी औषध स्वस्त झाले, असेही होत नाही. गोळीची नक्कल रसायनशास्त्राने करता येते. प्रतिपिंडाच्या समरूप आवृत्तीला मात्र नवी पेशीरेषा, मोठा उत्पादन प्रकल्प, मूळ औषधाशी तुलना करणाऱ्या चाचण्या आणि नियामकाची मान्यता लागते. त्यात वर्षे जातात. तरीही स्पर्धेचा परिणाम दिसतो. रोशने भारतात ट्रास्टुझुमॅबच्या पेटंटचा पाठपुरावा २०१३ मध्ये सोडला. त्यानंतर बायोकॉन आणि मायलन यांच्या समरूप आवृत्त्या आल्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपुढे एकाऐवजी अनेक पर्याय उभे राहिले.

या तयारीला लागणारा वेळ लक्षात घेतला, तर लवकर लागणाऱ्या निकालाचे मोल कळते. समरूप औषध बनवणारी कंपनी पेटंटवर शेवटपर्यंत टांगती तलवार असताना प्रकल्प उभारायला कचरते. वैधतेचा निर्णय मुदतीच्या शेवटच्या वर्षात लागला, तर तो कागदावरच राहतो.

म्हणून पुढच्या प्रतिपिंडाच्या वेळी काही गोष्टी पाहाव्या लागतील. पेटंट देताना कार्यालयाने त्या तारखेला जाणकाराला काय माहीत होते, हे नावानिशी आणि कारणांसह लिहिले आहे का? अनपेक्षित परिणामाचा दावा कंपनीने आकडेवारीने दाखवला आहे की शब्दांनी? जीवनरक्षक औषधाच्या पेटंटवरचे अपील उच्च न्यायालयात प्राधान्याने ऐकले जाते आहे का? आणि विरोध करणाऱ्या रुग्णसंस्थेला तज्ज्ञांची मदत मिळण्याची काही सोय आहे का? आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालये आणि औषधनिर्माणशास्त्राच्या संस्था आहेत. त्यांतील प्राध्यापकांनी अशा प्रकरणांत स्वतंत्र मत देण्याची प्रथा पडली, तर तराजूची एक बाजू थोडी तरी सावरेल.

पेटंटपूर्व विरोधासाठी कायद्याने वापरलेला शब्द ‘कोणीही’ असा आहे. त्या शब्दात भिवंडीतला औषधविक्रेता येतो, इंदिरा गांधी रुग्णालयातला डॉक्टर येतो आणि परळच्या फेऱ्या मारणारा रुग्णाचा मुलगाही येतो. नियम बदलताना या शब्दाची धार बोथट होऊ नये, याकडे लक्ष ठेवणे त्यांच्याच हिताचे आहे.